तक्त्यावरची तिसरी ओळ

लायसन्स रिन्यू करायला आधी डोळे तपासून घ्यावे लागत. त्या रांगेत स्वरदाच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. झाशीत मराठी कुणाला कळतंय, अशा भरवशानं दोघं मोकळेपणी बोलत होती.

"अहिल्या, भिंतीवरच्या तक्त्याची तिसरी ओळ वाच. डॉक्टर तीच विचारतोय सगळ्यांना. मी पाठ करून टाकतो."

"चार, एक, दोन, आठ."

"नक्की?"

"चाळीस वर्षं तुमचं सगळं मीच वाचते ना?"

स्वरदानं तक्त्याकडे पाहिलं. चार, सात, दोन, पाच.

"शिक्का मिळाला की थेट बबीन्याला, शमिकाच्या सासरी. गाडी मीच चालवणार."

"तुम्हीच चालवा."

"शिवाजीराव जी, आइए. तीसरी लाइन पढ़िए."

"चार, एक, दो, आठ." आवाज खणखणीत होता.

"नहीं होगा, बाबूजी. पहले आँखों का इलाज कराइए."

शिवाजीराव तणतणत परत आले.

"ऐन वेळी तक्ता बदलला मेल्यानं."

"बदलला असेल हो. या लोकांचा काय भरवसा? जा, रिक्षा बघा."

ते बाहेर गेल्यावर स्वरदा हळूच म्हणाली, "आजी, तिथं सात होता. आणि शेवटी पाच."

अहिल्याबाई दचकल्या.

"मराठी का गं तू?"

"हो. ओरछा गेटजवळ राहतो आम्ही."

"मग यांना बोलू नकोस काही. मागच्या महिन्यात बबीन्याच्या रस्त्यावर समोरून आलेला ट्रक मला दिसला होता, बाळा. यांना नव्हता दिसला."