उघडा ड्रॉवर

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत सासू-सून माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“आई, फक्त उजवीकडची कंबर उचला. खांदे गप्प.”

“तुझ्या बेली डान्सच्या मुलींना जमतं ते. माझं अंग म्हणजे एकत्र कुटुंब आहे बाई, एक हललं की सगळे उठतात.”

“तुम्ही पडलात त्याआधी, हातात पिठाची परात असली की ड्रॉवर कसा बंद करायचात?”

“कमरेने ढकलायचे.”

“आणि खांदे?”

“ते हलले तर पीठ सांडेल ना!”

“मग तसंच करा.”

“पुन्हा पडले तर?”

“मी धरलंय.”

“...अगं, हलली! एकटीच हलली!”

“दुखली?”

“थोडी. घरी फोन लाव.”

“आत्ता? कशाला?”

“ह्यांना सांग, स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडून ठेवा म्हणावं. आणि कोणी बंद करू नका.”