वाकडी लहर

सी तिजानी : नाही म्हणजे नाही, मुफीदा! जुना आणि नवा, दोन्ही वीजमीटर मी स्वतः तपासले, दोन्ही बरोबर आहेत. मग तेलाच्या घाण्यावर रिॲक्टिव्ह विजेचा आकडा जुन्यात कमी आणि नव्यात जास्त कसा? तिथल्या वायरमनने, त्या शादलीने, जुन्यात हात घातलाय. झालं, चोरीच्या अहवालावर सही करतो.

मुफीदा : पेन ठेवा खाली! तपासले कुठल्या विजेवर?

सी तिजानी : आपल्या प्रयोगशाळेच्या. स्वच्छ. जन्मभर तपासतोय तशाच.

मुफीदा : घाण्यावर आहे का तशी? यंदा ऑलिव्ह यायच्या आत त्यांनी वेग बदलणाऱ्या नव्या मोटरी बसवल्यात. काल जाऊन तिथली लहरच नोंदवून आणलीय मी. बघा ना!

सी तिजानी : या अल्लाह! ही लहर आहे की मोडका कंगवा?

मुफीदा : आता हीच देते दोन्ही मीटरांना. शादली, ये रे आत!

सी तिजानी : तो दारातच थांबेल. तपास चालू असताना तेलाची बाटली घेऊन येतो, लाज नाही वाटत?

शादली : हंगामाचं पहिलं तेल आहे, सी तिजानी. माझे वडील दर साली आणायचे, आणि तुम्ही इथेच पाव बुडवून खायचात.

सी तिजानी : त्यांच्यावर चोरीचा आळ नव्हता.

शादली : माझ्यावर आहे, म्हणून आणायचं सोडू? मालक म्हणालाय, तुमची सही झाली की घाण्याची पायरी चढू नकोस. सफाक्स शहरात मग कोण कामावर ठेवेल मला?

मुफीदा : गप्प बसा दोघं! सुरू करतेय.

(मीटरांची घरघर.)

मुफीदा : फाकले! आकडे फाकले! जुना मागे राहिला, नवा पुढे पळाला, अगदी घाण्यावरच्यासारखे!

सी तिजानी : परत लाव.

मुफीदा : लावलं. तेच!

सी तिजानी : सील?

मुफीदा : तुमचंच, शाबूत. अहो, रिॲक्टिव्ह म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज, ती हे दोन मीटर दोन रीतींनी मोजतात. जुना व्होल्टेज पाव फेरा मागे सरकवून मोजतो. नवा एकूण विजेतून कामाची वीज बाजूला काढतो आणि उरेल ते दाखवतो. सरळ लहरीवर उत्तर एकच. लहर वाकडी झाली की दोन!

सी तिजानी : मग खोटा कोण?

मुफीदा : कोणीच नाही! मीटर नाही, शादली तर नाहीच नाही!

सी तिजानी : हा कागद फाड. नवा मी स्वतः लिहितो. आणि शादली... आण ती बाटली आत. पाव आहे का रे कुणाकडे?

शादली : आणलाय, सी तिजानी. सकाळपासून पिशवीत आहे.