पुढचा चेंडू पडायच्या आत

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका गीतांजली मॅडम, मंचावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले खेळाचे सिद्रामप्पा सर, सरांच्या घरच्या शिवगंगाकाकू आणि उमरीच्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

मी बालाजी श्रीमंत. नववीतून शाळा सोडली. हैदराबाद झालं, सुरत झालं, आता विशाखापट्टणमच्या बंदरावर क्रेन चालवून राहिलो. एका जागी बूड टिकत नाही, हे सरांना माहीतच आहे. भाषणाची सवय नाही, रेल्वेत लिहून आणलंय.

मघाशी ऑफिसात सरांचं मानपत्र बघितलं. कबड्डी आहे, खो-खो आहे, लावलेली झाडंही आहेत. बेसबॉलचं नाव नाही. का नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरं काय झालं, ते किती जणांना ठाऊक आहे?

लातूरला बेसबॉलची विभागाची फायनल, समोर लातूरचाच संघ. शेवटचा डाव, आमची बॅटिंग, एक रन कमी, एक आउट, दोघे बेसवर. स्कोअर लिहिणारा माणूस आलाच नव्हता. लातूरवालेच म्हणाले, "सिद्रामप्पा सरांना बसवा, ते खोटं लिहीत न्हाईत." म्हणून सर आमचे असून टेबलावर बसले. यादीत सहावा बालाजी सटवाजी, सातवा मी. कॅप्टन दयानंद ओरडला, "बालाजी, चल!" आता आपल्या भागात बालाजी म्हटल्यावर अर्धं मैदान उठतं.

सटवाजीचा बालाजी म्हणाला, "आरं, माझा नंबर हाय."

मी बॅट ओढली. "गप बस. तुझ्यानं लागंल व्हय?"

म्हणजे मला माहीत होतं, मंडळी. लई जोरात मारला. दोघे होमला आले, एक रन पुढं गेलो, आम्ही नाचलो. आमचा डाव चालूच होता, लातूरची बॅटिंग मागून होती. पुढचा गडी उभा राहिला, पिचरनं हात उचलला, तेवढ्यात लातूरचे कोच यादी घेऊन आत आले. "अपील!"

नियम असा : चुकीचा माणूस खेळून गेला आणि पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्यांनी हरकत घेतली, तर ज्याची बारी होती तो आउट, आलेले रन रद्द. चेंडू पडला असता तर सगळं माफ. सटवाजीचा बालाजी बॅटला हात न लावता आउट झाला. मग बारी कुणाची? सातव्याची. माझीच! दोन मिनिटं दम धरायचा होता फक्त. तीन चेंडू, तिन्ही हुकले, तिसरा आउट मी, खेळ खलास.

सरांना टेबलावरून सगळं दिसत होतं. मी खेळत असतानाच खुणावलं असतं, तर खरा बालाजी येऊन उभा राहिला असता, काही बिघडलं नसतं. पण स्कोअररनं सांगायचं नाही, हाही नियमच. गाव म्हणालं, "आपल्याच लेकरांना एक खूण करता आली न्हाई?" शाळेत चौकशी झाली. सर म्हणाले, "यादी मीच नीट वाचून दाखवली नाही. चूक माझी." यादी त्यांनी टेम्पोत दोनदा वाचली होती, बापाच्या नावासकट! मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. सरांकडून संघ काढून घेतला, त्याला आठ वर्षं झाली. सुरतेला असताना त्यांचा फोन यायचा, "जेवलास का रे?" काल घरी जाऊन म्हटलं, सर, उद्या सांगतो सगळं. तर म्हणाले, "जाऊ दे रे, पोरांच्या खेळातलं ते."

मॅडम, मानपत्र अजून वाचलेलं नाही. एकदा शाल पडली की कुणी ऐकून घेणार नाही, म्हणून त्याच्या आत हरकत घेऊन राहिलो. त्यात पेनानं लिहा, की सरांनी उमरीच्या पोरांना बेसबॉल शिकवला, आणि लातूरची चूक सातव्या नंबरची होती.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. लातूरचं मात्र घालू नका, ते लिहा.