कॅनडातल्या कुरडया

चहा व्हायलाय तोवर आमच्या मायच्या कुरडयांचं ऐका.

मार्चात माय झरीहून माझ्याकडं कॅनडाला आली होती. एका सकाळी खिडकीतून लख्ख ऊन दिसलं, आन् मी कामावर गेल्यावर तिनं अंगणात चादर टाकून कुरडया घातल्या! संध्याकाळी येऊन बघतो तर कुरडया गोठून दगड झालेल्या. माय शालीवर माझा कोट घालून, हातात काठी घेऊन खुर्चीत बसलेली. बाजूच्या खुर्चीत शेजारची गोरी म्हातारी. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहते, कुणाशी बोलत नाही. तिच्या हातात छत्री. एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण दोघी मिळून पाखरं हाकलायल्या!

म्हणलं, "माय, हितलं ऊन नुसतं दिसायला असतं. त्यात काई वाळत न्हाई."

"मला काय म्हाईत! ऊन म्हणल्यावर ऊनच की."

कुरडया घरात आणल्या तर सगळ्याचा लगदा झाला. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी घरी येतो तर उरलेल्या चिकाच्या परत कुरडया, परत काठी, परत छत्री.

मी लय वैतागलो. "माय, वाळत न्हाईत म्हणून कालच सांगितलं ना?"

माय हळूच म्हणली, "तेवढं कळतंय रे मला. पण सकाळधरनं ती छत्री घेऊन दारात हुबी होती. तिला राखायला काईतरी पायजे का न्हाई?"