कागदावर दोन बोटं

प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर माझ्या पाठीला पाठ लावून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची बायको काठी टेकत लंगडत आली आणि धपकन शेजारी बसली.

“अहो नकाशेवाले, या स्टेशनचा नकाशा तुम्हीच काढलात ना? येईल त्या पाहुण्याला ऐकवत असता.”

“मीच काढला. चाळीस वर्षं झाली, एक भिंत हललेली नाही.”

“भिंत कशाला हलेल? हलायचं आम्ही. बायकांचं स्वच्छतागृह पार त्या टोकाला!”

“प्लॅटफॉर्मवर वास येऊ नये म्हणून.”

“नाहीच येत. तिथवर कुणी पोचलं तर येईल ना!”

“अगं, कागदावर जेमतेम दोन बोटांचं अंतर होतं.”

“हो, कागदावर माझे गुडघेही नव्हते. बरं, मरत मरत गेले, तर दाराला कुलूप.”

“किल्ली स्टेशनमास्तरांच्या खोलीत असते. मागून घ्यायची.”

“आणि ती खोली कुठे काढलीत?”

“ती... या टोकाला.”

“का म्हणे?”

“दोन्ही टोकांना सारख्या खोल्या असल्या, की समोरून इमारत डौलदार दिसते.”

“दिसते हो. काय तो डौल! माझ्यावर मात्र इथे जीव मुठीत धरून बसायची वेळ आलीय.”

“गाडीला अजून वीस मिनिटं आहेत. तू बस, मी किल्ली आणून कुलूप उघडून येतो.”

“थांबा. ही काठी घेऊन जा. दोन बोटं चालायचंय, दमाल.”