आईची दुसरी फेरी

अगं, त्या गाइडचा मला अजून राग येतो. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून नॉटिंगहॅमला आली होती, म्हणून तिला एक जुनं कॅथीड्रल दाखवायला नेलं. गाइडनेच सांगितलं, "संताच्या समाधीमागचा हा कमानींचा बोळ मुद्दाम बांधला, यात्रेकरूंना गोल फिरता यावं म्हणून." मी ते आईला मराठीत सांगितलं, तर ती हात जोडून प्रदक्षिणाच घालायला लागली. दुसऱ्या फेरीला त्याने तिला अडवलं.

"मॅडम, ही बाजू तुमची बघून झालीये."

मी म्हटलं, "ती बघत नाहीये. तुम्ही आत्ता सांगितलंत, तेच करतेय."

"ते पूर्वी. आता इथे असं कोणी करत नाही."

आईने विचारलं, "काय म्हणतायत गं ते?"

म्हटलं, "देव घरी नाही म्हणतायत. दगड बघा आणि निघा."