एक मत कमी

हसू नका, पण त्या पहिल्या इलेक्शनची मले अजून लाज वाटते. मी शाळामास्तर, अहेरीकडच्या एका गावात मतपत्रिका वाटायच्या कामावर होतो. तेव्हा दर उमेदवाराची पेटी अलग राहे. चांद्याले मोजणी झाली, तर माझ्या केंद्राच्या साऱ्या पेट्या मिळून एक मत कमी भरलं. फेरमोजणी केली, तरी कमीच.

मोजणीवरच्या साहेबानं विचारलं, "मास्तर, वाटलेला कागद गेला कुठी?"

मी म्हटलं, "साहेब, हे जंगलातले लोक. नेला असन कोणीतरी घरी."

सारे हसले. एका उमेदवाराकडून मोजणी पाह्यले आलेला त्याच भागातला कोलू तेवढा हसला नाई.

मग साहेबानं मी परत आणलेले, न वाटलेले कोरे कागद मोजायले लावले. मी त्रेचाळीस लिहिले होते, निघाले चव्वेचाळीस. दोन कागद एकमेकाले चिकटून होते.

कोलू हळूच म्हणाला, "गुरुजी, माही म्हातारी माय सहा कोस चालून मत द्याले आली होती. आमच्यातल्या कोणीच नाई नेला कागद."

मी हात जोडून म्हटलं, "चूक झाली."

पण ते साहेबाले म्हटलं. कोलूकडे पाह्यची हिंमतच झाली नाई.